भिंतीकडे झुकलेली दांडी

हे मी आजवर मोठ्याने उच्चारलेलं नाही. घरात कुणी नसतानासुद्धा नाही. वाक्य तयार असतं, जिभेपर्यंत येतं — आणि मी पटकन कुठल्यातरी कामाला लागते. कपड्यांच्या घड्या घालते, पोरांच्या वह्या तपासते. आज लिहायला बसल्यावरसुद्धा उगाच उठून दार लावलंय ना ते बघून आले. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखत असता तर मला चांगली बाई समजला असता. सगळेच समजतात. सासऱ्यांचं किती केलंस गं, असं म्हणतात. मी मान खाली घालते आणि लोकांना तो माझा चांगुलपणा वाटतो.

सरळ मुद्द्यावर यायला हवं. येता येत नाहीये. आधी बाबांबद्दल सांगू द्या.

बाबा म्हणजे माझे सासरे. मुलुंडमध्येच एका लहानशा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आम्ही मुलुंड पूर्वेला, एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो — मी, माझा नवरा महेश, आणि तेव्हा बाबा. सासूबाई गेल्या त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायचे, जेवायचे, बागेत जाऊन यायचे; पण घरात माणूस आहे असं वाटायचं नाही. महेश घाबरला होता. मग एक दिवस बाबांनी मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ बघितला — घरच्या घरी भूकंपमापक कसा बनवायचा — आणि दुसऱ्या दिवशी कबाडीवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क घेऊन आले. आम्ही हसलो. पण बरं वाटून हसलो. माणूस पुन्हा हलायला लागला होता.

ते यंत्र कसं होतं हे तुम्हाला थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. सोसायटीचं लोखंडी गेट डोळ्यांसमोर आणा. खांब अगदी सरळ असला तर गेट कुठेही उभं राहतं. पण खांब जरासा कलला, की गेट आपसूक एका बाजूला जाऊन थांबतं. बाबांचं यंत्र म्हणजे असंच एक छोटं गेट — एक उभा खांब, त्याला तारेने टांगलेली एक आडवी दांडी, दांडीच्या टोकाला पितळी वजन. जमीन हलली की दांडी झुलायची आणि लॅपटॉपवर तिची रेघ उमटायची. एकदा हलली की दांडी हलतच राहू नये म्हणून तिच्या टोकाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन मोठ्या चुंबकांच्या फटीत, कुठेही न टेकता ठेवलेली. ही चुंबकं हार्ड डिस्कमधली. त्यांतली दोन एकदा एकमेकांवर झेपावली आणि मध्ये बाबांचं बोट सापडलं. नख काळंनिळं झालं, तरी बोट सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरले.

आणि एक छोटं चुंबक होतं. ते लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेलं, ठोकळा एका पट्टीवर मागेपुढे सरकणारा. दांडीवरही तसलंच एक चुंबक, दोघांची तोंडं अशी की ती एकमेकांना ढकलायची. ठोकळा पुढे सरकवला की दांडी भिंतीपासून दूर जायची, ठोकळा मागे घेतला की दांडी भिंतीकडे — कंपाउंडच्या बाजूच्या भिंतीकडे — यायची. दांडी बरोबर मध्यावर आणायची ती या ठोकळ्याने. केसभर इकडे, केसभर तिकडे. बाबा श्वास रोखून बसायचे.

हे सगळं आमच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, दार आपटायचं नाही, कुणी आत जायचं नाही. फक्त मी झाडू मारायला जायचे. मला परवानगी होती, कारण — हे बाबांचेच शब्द — तू हळू वावरतेस, शुभा.

एका दुपारी बाबांनी हाका मारून आम्हाला बोलावलं. लॅपटॉपवरची रेघ आधी बारीक थरथरली, मग मोठमोठ्या लाटा येऊ लागल्या, किती तरी वेळ. दूर कुठेतरी समुद्राखाली जमीन हलली होती आणि ती इथे, आमच्या मागच्या खोलीत पोचली होती. आम्हाला पायाखाली काहीसुद्धा जाणवत नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले होते. वरच्या मजल्यावरची वंदना पेढे घेऊन खाली आली. वंदना माझी मैत्रीण. नर्स आहे, मूळची नांदेडकडची, लग्न होऊन इथे आलेली. बुद्धपौर्णिमेची तिची खीर सगळ्यात आधी आमच्याकडे यायची. बाबांवर तिचा फार जीव. काका, तुमचं मशीन पेपरात येणार बघा, असं ती म्हणाली आणि बाबा लहान मुलासारखे लाजले.

मी पेढा खाल्ला. आणि मनात काय चाललं होतं माहितीये? ही खोली मला हवी होती.

मी आठवी-नववीची गणिताची शिकवणी घेते. पोरं हॉलमध्ये बसायची. महेश आला की टीव्ही नाही, फोनवर बोलणं नाही, बिचारा स्वयंपाकघरात उभ्याने चहा प्यायचा. मी त्याच आठवड्यात बाबांना विचारलं. ते म्हणाले की पोरांच्या पायांनी सगळं बिघडेल गं, एवढं सोडून काहीही माग. अगदी मऊ आवाजात म्हणाले. ओरडले असते तर मी भांडले असते आणि विषय तिथेच संपला असता. पण असल्या मऊ नकाराचं काय करायचं? मी हो म्हटलं. बरोबर आहे तुमचं, असंही म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी बाबा बागेत गेलेले असताना मी त्या खोलीत झाडू मारायला गेले. वाकले. आणि बोटाने तो ठोकळा मागे ओढला. जरासाच. दांडी सावकाश — इतकी सावकाश, की जणू तिला माझ्यावर विश्वास बसत नव्हता — भिंतीकडे सरकली आणि तिला अडवायला लावलेल्या खुंटीला टेकून उभी राहिली. मी उरलेली खोली झाडली. कचरा भरला. दार हळूच ओढून घेतलं.

परत आल्यावर बाबा संध्याकाळपर्यंत त्या यंत्राशी झटत होते. मला मजा वाटली. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. दुसरा शब्द सापडतो का ते बघितलं. राग, वैताग, घुसमट — नाही. मजा वाटली.

मग मी ते पुन्हा केलं. किती वेळा, ते सांगत नाही, कारण मोजलेलं नाही. रोज नाही. ते खुशीत दिसले की त्या दिवशी. रेघ छान आलीय गं, असं म्हणाले की त्या दिवशी. मला वाटलं होतं कंटाळून ते स्वतःच ते सगळं आवरतील. तसं माणसं करतात ना? यंत्र चालत नाही म्हटल्यावर यंत्राला दोष देतात. बाबांनी यंत्राला दोष दिला नाही. त्यांनी पट्टीवर पेन्सिलने खूण करायला सुरुवात केली, म्हणजे ठोकळा कुठे ठेवला ते कळावं. दुसऱ्या दिवशी ठोकळा खुणेवर नसायचा. ते तिथे नुसते बसून राहायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर त्यांनी विचारलं, "शुभा, मी सकाळी इथे येऊन गेलो का गं?"

मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला ठाऊक आहे. मलाही तेव्हा ठाऊक होतं. मी म्हटलं, "आला असाल बाबा."

हे तीन शब्द. ठोकळा सरकवला ते एक वेळ खोडी म्हणून सोडून देईन. पण हे तीन शब्द मी उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून उच्चारले.

त्यानंतर फार भराभर सगळं झालं. बाबा प्रत्येक गोष्टीला घाबरू लागले. गॅस बंद केला का, चावी कुठे ठेवली, आज गोळी घेतली का. घाबरलेला माणूस खरोखर विसरतो, हे मला माहीत नव्हतं. महेश त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, मीही गेले. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांना त्यांतला एक आठवेना. आंबा आठवला, नाणं आठवलं, तिसरा काही केल्या आठवेना, आणि ते महेशकडे असे बघत राहिले — मी खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टर म्हणाले सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी बाबा दिवसभर पेंगायचे. त्या गोळ्या, जेवण झालं की, पाण्याचा पेला भरून मी माझ्या हाताने त्यांना द्यायचे.

डॉक्टरांकडून आल्यापासून मी ठोकळ्याला हात लावला नाही. घाबरून थांबले, पश्चात्तापाने नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला वाटलं, आता मी थांबलेच आहे तर सगळं आपोआप पूर्ववत होईल. कुणाला काही सांगायची गरज नाही. दांडी जागेवर राहील, बाबांना वाटेल औषधाने बरं वाटतंय, प्रश्न मिटला. खरंच असं वाटलं होतं.

त्याच सुमारास एका सकाळी बाबांनी मला खोलीत बोलावलं आणि समोर बसवलं. म्हणाले, माझा आता भरवसा नाही, तू शिकून घे; मी चुकलो तर तू दुरुस्त कर. आणि मला ते चुंबक कसं सरकवायचं ते दाखवू लागले. बोटाचा जोर लावायचा नाही, नखाने ढकलायचं. दांडी स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही. मी मान डोलवत होते. मला हे सगळं येत होतं हो — त्यांच्याइतकंच येत होतं. तरी मी पहिल्यांदा शिकत असल्यासारखे प्रश्न विचारले.

आता खड्ड्याबद्दल सांगते. आमच्या सोसायटीच्या मागे एक जुना बंगला होता. तो पाडून तिथे टॉवर व्हायचा होता, आणि तळघरात गाड्या लावण्यासाठी मोठा खड्डा खणत होते. तो अगदी आमच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आला होता. भिंत आणि आमची मागची खोली यांच्यामध्ये फक्त मातीची एक पट्टी, तिथे वंदनाने झाडं लावली होती. दिवसभर खणण्याचा धडधडाट. लॅपटॉपवरची रेघ दिवसा नुसती काळी व्हायची. त्याची आम्हाला सवय झाली होती.

एका सकाळी मी झाडू मारायला गेले आणि दांडी भिंतीकडे टेकलेली होती.

मी तशीच उभी राहिले. मला आधी काय वाटलं असेल? मला वाटलं, मीच केलं. हात आपोआप गेला असेल. मग मी खाली बसून ठोकळा बघितला. ठोकळा पेन्सिलच्या खुणेवर होता. अगदी बरोबर खुणेवर. कुणीही हात लावलेला नव्हता, आणि दांडी भिंतीकडे गेली होती. मी झाडू खाली ठेवला.  गेट आपोआप एका बाजूला जातं ते केव्हा? खांब कलला तर. खांब फरशीवर होता, फरशी जमिनीवर होती, आणि जमीन त्या खड्ड्याकडे कलत होती.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी बघितलं, खाली बसले, खूण बघितली. आणि हळू आवाजात म्हणाले, "ठोकळा जागेवर आहे, दांडी गेलीय. की ही खूण मीच नंतर केली असेन?"

मग नखाने ठोकळा पुढे सरकवून त्यांनी दांडी मध्यावर आणली. जुनी खूण पुसली, नवी केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज दांडी भिंतीकडे, रोज बाबा ठोकळा थोडा पुढे घ्यायचे, रोज स्वतःवरच मान हलवायचे. डोक्यातून काय काय जातंय कुणास ठाऊक, असं पुटपुटायचे. आणि मला माहीत होतं. या अख्ख्या जगात फक्त मला माहीत होतं, की आधीचं सरकणं माझं होतं आणि हे माझं नाही. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, यंत्र ठिकाणावर आहे, जमीन ठिकाणावर नाही. तोंड उघडायचं तर पहिलं वाक्य काय बोलणार? "बाबा, हे तुमच्या विसरण्यामुळे नाही" — कशावरून गं, शुभा? तुला कसं माहीत?

त्या एका प्रश्नाला घाबरून मी गप्प बसले.

यापुढचं तर आणखी वाईट आहे. सोसायटीच्या लोकांना खड्ड्याची काळजी वाटायला लागली होती. मागच्या बाजूच्या जिन्याच्या भिंतीवर एक बारीक तडा दिसला होता. रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग झाली. बिल्डरचा इंजिनियर आला होता. काही धोका नाही, पावसाळा अजून लांब आहे, त्याआधी काँक्रीटची भिंत बांधून होईल, असं त्याने समजावून सांगितलं. मग सेक्रेटरी बाबांकडे वळले. थट्टा नव्हती त्यांच्या आवाजात. खरोखर विचारत होते. काका, तुमचं मशीन त्याच बाजूला आहे ना, ते काय म्हणतंय?

सगळे बाबांकडे बघू लागले. वंदना माझ्या शेजारीच बसली होती. बाबा उभे राहिले. त्यांना खुर्चीच्या पाठीचा आधार घ्यावा लागला. म्हणाले, "मशीन चांगलं आहे हो. पण ते लावणाऱ्याचं डोकं आता चांगलं नाही. माझ्या बोलण्यावर जाऊ नका."

कुणी हसलं नाही. सगळे खाली बघायला लागले. वंदनाने माझा हात धरला आणि हलकेच दाबला — मला किती वाईट वाटत असेल म्हणून. मी तो हात तसाच राहू दिला. मी उठू शकले असते. बसल्या जागेवरून बोलू शकले असते. बाबांना घरी नेऊन, दार लावून, एकट्यांना सांगू शकले असते. मीटिंग संपली. मी खुर्च्या उचलायला मदत केली.

त्यानंतर किती दिवस गेले? फार नाही. ठोकळा पट्टीच्या टोकापर्यंत आला होता, त्याला पुढे जायला जागा उरली नव्हती, एवढं आठवतं. सुट्टीचा दिवस होता, शिकवणी नव्हती. वंदना ड्यूटीवरून येऊन, झोप काढून, मागे झाडांना पाणी घालत होती. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीच्या जाळीतून तिने हाक मारली आणि विचारलं, कढीपत्ता हवाय का गं? मी म्हटलं, टाक चार काड्या. थांब, कोवळा देते, असं म्हणून ती भिंतीकडच्या झाडाशी गेली.

आवाज मोठा नव्हता. सिनेमात होतो तसा काही नाही. गव्हाचं पोतं खाली टाकावं तसा एक धप्प, आणि मग खूप वेळ माती घसरत राहिल्याचा आवाज. खिडकीतून बघितलं तर भिंत नव्हती. कढीपत्त्याचं झाड नव्हतं. वंदनाही नव्हती. जिथे भिंत होती तिथून पलीकडच्या रस्त्यावरची दुकानं दिसत होती — ती इथून कधीच दिसायची नाहीत. मी ओरडले नाही.  मी त्या दुकानांची नावं वाचत होते. खरं सांगते, एकामागून एक पाट्या वाचत उभी होते.

वंदना वाचली. खड्ड्यातल्या मजुरांनी हातांनी माती उपसून तिला बाहेर काढलं. उजव्या पायावर भिंतीचा तुकडा पडला होता. तो पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आमच्या बिल्डिंगला काही झालं नाही. खड्डा बुजवून त्यांनी नंतर आधार दिला. बिल्डरवर केस चालू आहे. त्याचा गुन्हा आहेच, तो त्याचा तो बघेल. माझ्या वाट्याचं त्यातून वजा होत नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वंदनाचा नवरा बसला होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मी शेजारी होते, महेशही होता. बाबा म्हणाले, "मला दिसत होतं. जमीन कलत होती आणि मी रोज चुंबक सरकवून ते सरळ करून ठेवत होतो. चूक माझी आहे."

तो बिचारा उठून बाबांना बसवू लागला. महेश म्हणाला, त्यांची तब्येत बरी नसते, मनावर घेऊ नका. आणि मी काय केलं असेल? मी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला. मी त्यांना समजावलं. बाबा, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, असं म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. तो आवाज कानावर पडला तेव्हा मी हादरले. हे बोलणारी ही कोण बाई आहे, असं वाटलं. पण ती बाई बोलतच राहिली, त्यांना पाणी दिलं, रिक्षा बोलावली, घरी आणलं.

बाबांनी यंत्र उतरवलं. चुंबकं एकेक वेगळ्या फडक्यात गुंडाळली, म्हणजे ती एकमेकांवर झेपावून कुणाचं बोट सापडू नये. सगळं कबाडीवाल्याला दिलं. फरशी स्वतः पुसली. मग मला म्हणाले, घे शुभा, आता तुझ्या पोरांना इथे बसव. तुम्हाला वाटेल मी नको म्हटलं असेल. मी पोरांना तिथे बसवलं. आजही तिथेच बसतात. खोली चांगली आहे, उजेड येतो.

पुढे महेशने दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं नीट तपासून सांगितलं की स्मृतीला काही झालेलं नाही, वयाच्या मानाने उत्तम आहे, या गोळ्या कशाला देताय? महेशला आनंद झाला. बाबांना झाला नाही. त्यांच्या दृष्टीने ते आणखी वाईट होतं — म्हणजे डोकं शाबूत असताना आपण गप्प बसलो. त्या डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताना त्यांचा चेहरा मी बघितला आहे. त्यानंतर ते पुन्हा तसेच झाले, सासूबाई गेल्यावर झाले होते तसे. विचारलं तर उत्तर द्यायचे, जेवायचे. बागेत जाणंसुद्धा सोडलं.

माझ्यावर त्यांनी कधी संशय घेतला का, असं तुम्ही विचाराल. नाही. त्यांच्या मनात ते येणं शक्यच नव्हतं; आधी ठोकळा खुणेवरून हलायचा तो कसा, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. मला याची खात्री आहे, आणि ती मला सहन होत नाही.

शेवटी ते अंथरुणावर होते तेव्हा वंदना त्यांना भेटायला खाली आली. नव्या पायाची तिला तेव्हा नीट सवय झाली नव्हती. कठडा धरून एकेक पायरी उतरत आली. पलंगाशेजारी मी खुर्ची ठेवली. बाबांनी तिचा हात धरला आणि तेच म्हणू लागले — मला दिसत होतं गं, मला दिसत होतं.  वंदना म्हणाली, "काका, पुरे आता. मी तुम्हाला कधीच काही म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. आता तुम्ही पण सोडा."

बाबा रडायला लागले. तीही रडत होती. खोलीत आम्ही तिघंच होतो. महेश औषधं आणायला गेला होता. त्या दोघांचाही मी गुन्हा केला होता आणि दोघंही माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर होती. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि वंदनाला म्हणाले, हिने माझं फार केलं.

मी म्हटलं, चहा टाकते. आणि स्वयंपाकघरात गेले. तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, म्हणून मी नळ सोडला आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.